फैजपूरवर नासाचं बारीक लक्ष आहे

२०२२ सालच्या जानेवारीत फैजपूरला कळलं, की पृथ्वी सूर्यापासून लांब चालली आहे. बातमी मोबाइलवरच्या निरोपातून दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचली. उद्या पहाटे पाच वाजून सत्तावीस मिनिटांनी ‘अफेलियन’ सुरू होणार, सूर्याचं अंतर नऊ कोटी किलोमीटरवरून पंधरा कोटी वीस लाखांवर जाणार, म्हणजे तब्बल ६६ टक्क्यांनी वाढणार आणि थेट ऑगस्टपर्यंत थंडी, सर्दी, खोकला, अंगदुखी. शेवटची ओळ नेहमीची : घरच्यांची काळजी असेल तर पुढे पाठवा. काळजी नाही असं लेखी कोण देईल? सगळ्यांनी पाठवलं.

वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्याच पहिल्या आठवड्यात आणि सर्वांत लांब जाते जुलैच्या सुरुवातीला. जवळ असताना अंतर सुमारे चौदा कोटी सत्तर लाख किलोमीटर, लांब असताना पंधरा कोटी वीस लाख. फरक साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर, आणि तो दरवर्षी गाजावाजा न करता पडतो. नऊ कोटी किलोमीटरवर बुध आणि शुक्र यांच्या मधली मोकळी जागा आहे. म्हणजे निरोपावर विश्वास ठेवायचा तर आपण आजवर शुक्रापेक्षाही सूर्याच्या जवळ राहत होतो. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. खानदेशात मे महिना काढलेल्या माणसाला मात्र ते पटतं, आणि इथेच सगळी पंचाईत आहे. भुसावळच्या स्टँडवर ४५ अंशांत यावलच्या गाडीची वाट पाहिलेली असली, की शुक्र फार लांब वाटत नाही.

असे निरोप गावात आणायचं काम आप्पांकडे असतं. आप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे, ते पद आहे. पोलीस पाटलासारखं; पण मानधन नाही आणि निवृत्तीही नाही. प्रत्येक गल्लीत एक आप्पा असतात, मोठ्या गल्लीत दोन, आणि दोघांचं आपसात पटत नाही. पहाटे उठून ते पहिल्यांदा चष्मा शोधतात, मग मोबाइल, मग दात. चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्यांच्याकडे मधुमेहावरचे तीन उपाय, एका उल्केची तारीख आणि आइन्स्टाइनने न म्हटलेलं एक वाक्य तयार असतं.

‘‘आप्पा, पाच सत्तावीसच का?’’

‘‘नासाचं टायमिंग हाये भो. ते काय आपली एसटी हाये का?’’

निरोपात नासाचं नाव कुठेही नव्हतं. ते आप्पांनी पदरचं घातलं. पण ‘पाच सत्तावीस’ ही या कलाकृतीतली खरी करामत आहे, हे मान्य करावं लागेल. ‘पहाटे साडेपाचच्या सुमारास’ असं लिहिलं असतं तर गाव कूस बदलून झोपलं असतं. सत्तावीस मिनिटं म्हटल्यावर कुणीतरी कुठेतरी घड्याळ लावून बसलं असणार, यंत्रं असणार, पांढरे कोट असणार असं वाटू लागतं. ६६ टक्क्यांचंही तेच. नऊचे पंधरा पूर्णांक दोन झाले तर वाढ ६९ टक्क्यांच्या आसपास येते, सातवीतला मुलगाही हा हिशेब करील. पण कुणी केला नाही. आकडा गोल नसला, की माणसं तो तपासायच्या भानगडीत पडत नाहीत.

दोन हजारांच्या नोटेचं घ्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात नॅनो जीपीएस चिप असल्याचं टीव्हीवरच्या मंडळींनीही छातीठोकपणे सांगितलं. जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसणार! १२० मीटर म्हणजे जवळजवळ चारशे फूट. यावल-रावेर पट्ट्यात बोअर याहून खोल जातात आणि तरी कधीकधी नुसता फुफाटा वर येतो. तेव्हा टपरीवरच्या एका शेतकऱ्याने केलेली सूचना अगदी रास्त होती : ‘‘नोटेचं राहू द्या, चारशे फुटांवर पाणी कुठं हाये तेवढं दाखवा म्हना त्या उपग्रहाले.’’ पुढे मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोटच चलनातून मागे घ्यायचं ठरवलं. लोकांनी ती बँकेत नेऊन भरली. चिप परत मागायला कुणी आलं नाही.

हे सगळं मोबाइलमुळे झालं असं म्हणायची पद्धत आहे, पण तो मोबाइलवर अन्याय आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभरातले गणपती दूध प्यायले तेव्हा व्हॉट्सअॅप जन्मालाही यायचं होतं. काम एसटीडी बूथवरून झालं, आणि मीटरकडे बघत झालं. पैसे मोजून अफवा पसरवणारी ती शेवटची पिढी. चमच्याच्या कडेचं दूध दगडी सोंडेला टेकलं, की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलंही. पण रांगेत दोन तास उभं राहिल्यावर पृष्ठताण बघून घरी जायला कोण तयार होणार?

त्याहून जुनं म्हणजे ग्रहणातलं मुसळ. ग्रहणाच्या दिवशी परातीत पाणी घालायचं आणि मधोमध मुसळ उभं करायचं. ते आधाराशिवाय उभं राहतं. बायाबापड्या हळदीकुंकू वाहतात. ग्रहण सुटलं की मुसळ पडतं, म्हणजे पाडलं जातं. बूड सपाट असलं तर हे मुसळ साध्या मंगळवारीही तसंच उभं राहतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले ते गावोगाव करून दाखवत आले आहेत. पण ग्रहण नसताना मुसळ उभं करून बघायला सवड कुणाला आहे?

इथवर फैजपूर आणि बाकीचा महाराष्ट्र यांत फारसा फरक नाही. फरक पडतो केळीपाशी. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकतात. फैजपूरच्या चारी बाजूंना बागा, सावद्याच्या स्टेशनावरून केळीने भरलेल्या रेल्वे थेट दिल्लीकडे जातात. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. अशा गावात एके दिवशी निरोप आला, की सोमालियाहून ५०० टन केळी आली आहेत, त्यांत ‘हेलिकोबॅक्टर’ नावाचा किडा आहे आणि केळं खाल्ल्यावर बारा तासांत मेंदू मरतो. सोबत व्हिडिओ. कुणीतरी केळं सोलतंय आणि आतून काहीतरी लांबलचक ओढून काढतंय.

आप्पांच्या परसातच केळी उभी, घड कापणीला आलेले. तरी त्यांनी घरात ताकीद दिली, की केळं उघडून बघितल्याशिवाय खायचं नाही. काकू तेव्हा चूल सारवत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘‘सोमालियाची केयी इथं कोन आनून राह्यलं? आपलीच कोनी घेऊन नही राह्यलं.’’

या एका वाक्यात जेवढं अर्थशास्त्र होतं तेवढं त्या व्हिडिओत शास्त्र नव्हतं. हेलिकोबॅक्टर हा किडाच नव्हे. तो जिवाणू आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि तो राहतो माणसाच्या जठरात. त्याच्यामुळे अल्सर होतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बड्या बड्या डॉक्टरांना ती थाप वाटली. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि रीतसर आजारी पडून दाखवलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा किस्सा कुणाला पुढे पाठवून बघा. ‘‘उगाच काहीही’’ असं उत्तर येतं.

केळ्यावरच्या काळ्या डागांचंही असंच एक प्रकरण आहे. जपानी शास्त्रज्ञ म्हणतात, डाग पडलेल्या केळ्यात टीएनएफ असतो, तो कॅन्सरच्या गाठी खातो आणि असं केळं हिरव्या केळ्यापेक्षा आठपट गुणकारी असतं. टीएनएफ हे प्राण्यांच्या शरीरात तयार होणारं प्रथिन आहे. केळ्याचा आणि त्याचा संबंध नाही. पण फैजपूरला या निरोपाचं महत्त्व वैद्यकीय नव्हतं. इथे व्यापारी बागेत येतो, घडाभोवती एक चक्कर मारतो, फणी उचलून मागून बघतो आणि डाग दिसला की ‘वापसी’ म्हणून मोकळा होतो. वापसी म्हटलं की भाव पडला. आप्पांनी त्याच्यासमोर मोबाइल धरला.

‘‘हे वाच. जपानवाले आठपट म्हनून राह्यले.’’

व्यापाऱ्याने वाचलं. मोबाइल परत दिला.

‘‘मंग जपानले पाठवा.’’

आप्पांचा पुतण्या बी.एस्सी.ला आहे. खोट्याला खऱ्याने उत्तर द्यायचं असं त्याने ठरवलं, आणि वय लक्षात घेता ते क्षम्य आहे. टपरीवर जाऊन त्याने पहिलंच वाक्य टाकलं : केळीचं झाड हे झाडच नसतं. ती गवतासारखी मऊ, लाकूड नसलेली वनस्पती आहे. खोड म्हणून जे दिसतं ते एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ. खरा कंद जमिनीत. आता यातलं शेवटचं इथल्या प्रत्येकाने कोयत्याने कापून रोज पाहिलेलं आहे. तरी ‘झाड नसतं’ म्हटल्यावर एक म्हातारा दुखावला. ‘‘चाळीस वर्सं आम्ही काय गवत लावलं का रे?’’

पुतण्याने नेट लावला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे केळं हे ‘बेरी’ आहे आणि स्ट्रॉबेरी ‘बेरी’ नाही. कुणी ऐकलं नाही. केळं वाकडं का होतं, तर घडातली फळं आधी खाली असतात आणि मग गुरुत्वाकर्षणाच्या उलट, वर वळत जातात. ‘‘ते कोनाले माहीत नही?’’ मग त्याने हुकमाचं पान काढलं. केळ्यात पोटॅशियम, पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चा किंचित अंश, म्हणून प्रत्येक केळं अगदी थोडंसं किरणोत्सर्गी असतं. किरणोत्सर्ग समजावून सांगायला तज्ज्ञ ‘एका केळ्याइतका डोस’ असं गमतीचं माप वापरतात. तो मायक्रोसिव्हर्टचा सुमारे दहावा हिस्सा भरतो. बंदरांवर अणुसामग्री पकडायला जी यंत्रं असतात ती केळ्यांनी भरलेल्या कंटेनरलाही कधीकधी ओरडतात.

टपरीवर शांतता पसरली. कपबशा थांबल्या. मग आप्पा पुढे सरकून दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘हे बोललास ते बोललास. सावद्याले नको बोलू. भाव पडतीन.’’

लोक अडाणी म्हणून असं होतं, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ब्रसेल्सकडे बघावं. १९९४ मध्ये युरोपीय संघाने केळ्यांसाठी २२५७ क्रमांकाचा नियम केला. लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर आणि वाकडेपणा ‘असाधारण’ नको. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्याची ‘वाकड्या केळ्यांवर बंदी’ करून टाकली. बंदी नव्हतीच, पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीच्या केळ्यांना आकाराचे दोष माफ होते. सावद्याचा व्यापारी बागेत तोंडी जे ठरवतो ते युरोपने छापून काढलं होतं, इतकंच. तरी ही कथा वीस-बावीस वर्षं टिकली. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या प्रचारात बोरिस जॉन्सन यांनी सांगितलं, की दोन-तीनपेक्षा जास्त केळी एकत्र विकायला युरोप मनाई करतं. नियम नेमका उलटा होता : सुटं केळं चालेल, पण फणी असेल तर किमान चार केळ्यांची हवी. हे गृहस्थ पुढे पंतप्रधान झाले. आप्पा अजून ग्रामपातळीवरच आहेत, हा संधीचा फरक.

आणि बीबीसी? १ एप्रिल १९५७ रोजी ‘पॅनोरमा’ या तिच्या भारदस्त कार्यक्रमात स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागातल्या शेतकरणी झाडावरून शेवया उतरवताना दाखवल्या होत्या. निवेदन रिचर्ड डिम्बलबींच्या गंभीर आवाजात. सुशिक्षित इंग्रज प्रेक्षकांनी फोन करून विचारलं, की हे झाड आमच्या परसात लागेल का. कुरडया-शेवया घरच्या गच्चीवर वाळत घालणाऱ्या खानदेशातल्या बाईला कुणी अशी थाप मारून दाखवावी! कोणत्याही माणसाला त्याच्या हातच्या कामाबद्दल फसवता येत नाही, असा नियम यातून काढण्याचा मोह होतो. पण मग भरिताच्या पार्टीत जे झालं ते बसत नाही.

थंडीत या भागात शेतावर भरीत होतं. वांगी बामणोदची, जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ सालीच मानांकन आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात, त्यावर हिरवीपांढरी, हातभर वांगी ओळीने टाकतात. साल तडकते, आतून वाफ शिट्टीसारखी निघते, डोळ्यांत धूर जातो आणि प्रत्येकजण दुसऱ्याला वांगं कधी उलटायचं ते सांगत असतो. बी.एस्सी.चा पुतण्या खऱ्याला कंटाळला होता. वांगी उलटता उलटता तो सहज म्हणाला, ‘‘देठ उत्तरेकडं ठेवला तर लोह २३ टक्के जास्त टिकतं म्हने. इस्रोचं संशोधन हाये.’’

हे वाक्य त्याने जागच्या जागी बनवलं होतं. इस्रोला वांग्याशी कर्तव्य नाही.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एकाने चिमट्याने हळूच एक वांगं फिरवलं. दुसऱ्याने दोन फिरवली. मग उत्तर कुठे यावर वाद पेटला. सातपुडा दिसतो ती उत्तर, हे ज्यांना पाळण्यात असल्यापासून माहीत तेही मोबाइल काढून होकायंत्र उघडू लागले. एवढ्यात चार वांगी जळली. जळलेल्या वांग्यांचे देठ दक्षिणेकडे होते असा साक्षीपुरावाही निघाला. आणि शेवटी एक वयोवृद्ध काका, जे आतापर्यंत कांद्याची पात निवडत होते, शांतपणे म्हणाले, ‘‘आमचे बाबा उत्तरेलेच ठेवत. त्याईले इस्रोची गरज नव्हती.’’

पुतण्याने त्या रात्री दोनदा सांगायचा प्रयत्न केला, की ती थाप होती. ‘‘राहू दे,’’ त्याला सांगण्यात आलं, ‘‘तुले अजून पुरतं माहीत नही.’’

प्रस्तुत लेखकही त्या गावच्या व्हॉट्सअॅप गटात आहे. गट ‘म्यूट’ केलेला आहे आणि सगळे निरोप वाचले जातात.

फैजपूरचं खरं दुर्दैव असं, की अविश्वसनीय माहितीचा स्वतःचा भरपूर साठा असताना त्याला ती बाहेरून मागवावी लागते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं. एका वर्षात काँग्रेसची दोन अधिवेशनं झाली, एप्रिलमध्ये लखनौला आणि डिसेंबरात या खेड्यात, आणि दोन्हींचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि असल्याच गावठी सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही, बैलांच्या रथातून निघाली. साने गुरुजी त्याआधी अधिवेशनासाठी खेड्यापाड्यांतून हिंडत होते. गांधीजी आले होते. आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आले होते, म्हणजे बंगालमध्ये जन्मून मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत ज्यांची गणना होते ते गृहस्थ. मेक्सिको ते फैजपूर! हे कुणी निरोपात लिहिलं तर आप्पा वाचता वाचता खोडून टाकतील.

त्या अधिवेशनासाठी मुंबईहून मशाल आणली होती. धावपटूंनी हातोहात, टप्प्याटप्प्याने, पळत. चारशे किलोमीटरहून लांब. त्याच वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, ऑलिम्पियाहून बर्लिनला ऑलिम्पिकची मशाल इतिहासात पहिल्यांदा अशीच पळत गेली होती. पुतण्याला हे एका पुस्तकात सापडलं आणि त्याने ते चार ओळींत लिहून गटात टाकलं. कुणी अंगठाही दाखवला नाही.

मग ते गटातून निघालं. सुरतेच्या एका जावयाने त्यात युनेस्को घातली. पुण्यातल्या कुणीतरी तिरंगा आणि हात जोडलेली चित्रं लावली. फिरत फिरत आठवड्याभराने ते आप्पांच्या मोबाइलवर आलं तेव्हा मजकूर असा झाला होता : १९३६ साली मुंबईहून फैजपूरला पळत नेलेल्या मशालीचा उजेड नासाने अवकाशातून टिपला, युनेस्कोने ती जगातली सर्वोत्तम मशाल म्हणून जाहीर केली, प्रत्येक फैजपूरकराने पुढे पाठवा.

‘‘आप्पा, नासाची स्थापनाच १९५८ ची,’’ पुतण्या म्हणाला.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, निरोप डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला. चहा निवत होता. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली.

‘‘नासाचं ठीक हाये रे,’’ ते म्हणाले, ‘‘पन मुंबईहून इथपर्यंत पयत कोन येईन?’’